दुधीचं सरबत

आमच्या घरात फ्रीझर माझ्या ताब्यात असतो. परवा मटार काढायला म्हणून फ्रीझर उघडला, तर मटार गायब, खोवलेला नारळ गायब. होत्या त्या छोट्या छोट्या पिशव्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी: 'ला. भोपळा', 'गाजर', 'रताळे', आणि खाली तारीख. सात महिन्यांच्या नातवाचा शिधा! माझा नारळ खालच्या कप्प्यात पाणी सोडत बसला होता.

पद्धत सुनेची. भाजी कुकरमध्ये वाफवायची, मिक्सरमधून गुळगुळीत काढायची. मीठ नाही, साखर नाही, आणि मध तर वर्षभर अजिबात नाही. झटपट गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायची, झाकून गोठवायची, मग वड्या पिशवीत. उणे 18 अंशांवर महिनाभर ठेवायला हरकत नाही. नुसत्या फ्रीजमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी संपवायची. एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवायची नाही, आणि वाटीत उरलेलं उष्टं ठेवायचं नाही. नवी भाजी एका वेळी एकच. ती मानवली की दोन-तीन दिवसांनी पुढची.

एवढा खटाटोप करून बाळराजे खातात किती? दोन चमचे. त्यातला एक लाळेऱ्यावर. बीट असेल त्या दिवशी भिंतीवरसुद्धा.

चिकटपट्ट्यांचं खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. बँकेतून निवृत्त झाले, पण बँक काही ह्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. एका वहीत आवक-जावक लिहितात. आधी आलेली वडी आधी गेली पाहिजे, यावर सुनेशी रीतसर चर्चा होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत घरात कोथिंबीर आहे की संपली, हे ज्यांना कधी कळलं नाही, ते आता 'गाजराच्या चार शिल्लक' असं न बघता सांगतात.

तर अशा या काटेकोर माणसाकडे त्यांचे मित्र आले. मी देवळात गेलेले. ह्यांनी उत्साहाने लिंबू सरबत केलं आणि ट्रेमधला 'बर्फ' ग्लासात सोडला. ट्रेवर चिकटपट्टी लागायची होती. मी परतले तेव्हा पाहुण्यांच्या ग्लासात फिकट हिरवं काहीतरी तरंगत होतं आणि तळाशी गाळ बसत होता. "वहिनी, पुदिना घातलाय का? पोटाला थंड वाटतंय," ते म्हणाले. दुधीच तो, थंडच वाटणार. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. त्यांनी आणखी अर्धा ग्लास मागून घेतला. वहीत जावक लागली: दुधी, दोन.

रात्री मी सुनेला म्हटलं, "अगं, आमच्या वेळी तांदूळ-मूगडाळ भाजून, भरडून ठेवायची आणि रोज ताजी खिमट करायची. हे गोठवलेलं कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "आई, मी सातची लोकल पकडते. ताजं कधी करू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण हिशेब सुचला. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची रजा मिळते, आणि त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाळाचं उष्टावण होतं ना होतं, तोच, किंवा त्याआधीच, आईची रजा संपते. कुकर, मिक्सर, चाळणी, चमचा सगळं तिथून सुरू होतं. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस तरी मिळतात. खासगी नोकरीत मालकाची मर्जी. फ्रीझर भरतो तो हौसेने नव्हे.

बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की हे गुळगुळीत प्रकरण बंद करून भाजी नुसती कुस्करूनच द्यायची असते. तेव्हा प्रश्न दोनेक महिन्यांचा आहे. तेवढे दिवस रविवारचा कुकर आणि मिक्सर बाळाच्या बापाने सांभाळावा, असा निकाल मी दिलाय, आणि चिरंजीव कामाला लागलेत. ज्यांच्या घरी तान्हं आहे, त्यांनी हा निकाल खुशाल लागू करावा. फक्त ट्रेवर चिकटपट्टी आधी लावा.