आधी अख्खी प्रत, मग सोय

घरातल्या डीव्हीडींचा बॅकअप घ्यायचा म्हटले, की पहिला प्रश्न येतो, ‘फाइल सगळ्यात लहान कोणते सॉफ्टवेअर करून देते?’ आणि लगेच दुसरा, ‘एका क्लिकमध्ये काम कशात होते?’ हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. ते आधी विचारल्यामुळे लग्नाच्या, मुंजीच्या, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या चित्रणाचे नुकसान होते आहे, आणि तेही ‘बॅकअप झाला’ या समाधानात. डिस्कवर जे आहे ते सगळे जसेच्या तसे उतरते का, हीच सॉफ्टवेअरची पहिली कसोटी असली पाहिजे. बाकीच्या गोष्टी त्यानंतर. याविरुद्ध जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा जागेचा. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावते, दुपदरीत ८.५ जीबी. एवढे कुठे ठेवणार, म्हणून दाबून लहान करा, असे सांगितले जाते. हा सल्ला एके काळी योग्य होता. कोऱ्या दुपदरी डिस्क महाग होत्या, त्यामुळे ८.५ जीबीचा चित्रपट ४.७ जीबीत बसवणारे ‘डीव्हीडी श्रिंक’ लोकप्रिय झाले. त्याची शेवटची आवृत्ती २००४ सालची आहे. आज १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर एकपदरी डीव्हीडींच्या दोनशेहून अधिक पूर्ण प्रती मावतात. सामान्य घरात एवढ्या डिस्क नसतातच. जागेची अडचण संपली, तिच्यापोटी लागलेली सवय मात्र उरली आहे.

दुसरा मुद्दा : ‘एमपी४ केले तरी डोळ्यांना फरक कळत नाही.’ हे फक्त स्थिर चित्रापुरते खरे आहे. मंगलाष्टके संपून अक्षता पडतात तो क्षण पाहा. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागे फुलांच्या माळा आणि दिव्यांच्या तोरणांची लुकलुक. चित्र दाबणाऱ्या तंत्राला हेच सर्वांत जड जाते. ते दाणे पुसून टाकते आणि चेहऱ्यांवर चौकोनी डाग आणते. त्यात आपल्याकडची डीव्हीडी पॅल पद्धतीची असते. तिच्यात बहुधा दर सेकंदाला ५० अर्धचित्रे नोंदलेली असतात, एकात विषम ओळी तर दुसऱ्यात सम. एमपी४ करताना सॉफ्टवेअर सहसा त्यांची २५ पूर्ण चित्रे बनवते आणि हालचालीचा निम्मा तपशील तिथेच जातो. उद्या याहून चांगले तंत्र आले, तरी त्याला काम करायला मूळ सामग्रीच उरलेली नसेल. आटवलेल्या दुधात पाणी घालून पुन्हा दूध होत नाही, तसेच हे आहे.

तिसरा मुद्दा सोपेपणाचा, म्हणजे ‘एक क्लिक’चा. इथे ‘हँडब्रेक’चे नाव हमखास पुढे येते. मोफत, मुक्तस्रोत आणि खरोखर उत्तम सॉफ्टवेअर आहे. पण त्याचे काम रूपांतराचे, बॅकअपचे नव्हे. डिस्क उघडली, की ते सहसा सर्वांत लांब भाग, म्हणजे टायटल, पुढे करते. नाटकाच्या डिस्कवर तीन अंक तीन वेगळ्या टायटलमध्ये असतील, तर एका क्लिकमध्ये एकच अंक उतरतो. लग्नाच्या डिस्कवर सीमांतपूजन, हळद, मुख्य विधी आणि वरात असे तुकडे असतील, तर तेच होते. मेनू तर येतच नाही. पुढे मूळ डिस्क रद्दीत गेली, की उरलेले अंक कायमचे गेले.

चौथा मुद्दा : ‘फुकटचे नको, पैसे भरून घेतलेले बरे.’ किंमत ही कसोटीच नव्हे. विकत मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांचा सगळा डौल ‘कुलूप उघडून देतो’ या एका वाक्यावर उभा असतो. पण लग्नाच्या, घरगुती समारंभाच्या डिस्क लिहिण्यायोग्य कोऱ्या डिस्कवर बनवलेल्या असतात. बाजारातल्या छापील डीव्हीडीवरचे सीएसएस कुलूप त्यांच्यावर नसते. जे कुलूप मुळात नाही, ते उघडण्यासाठी पैसे कशाला मोजायचे? त्यात चाचणी-आवृत्तीने चित्रावर आपला शिक्का उमटवला, तर प्रत बिघडली ती वेगळीच.

पाचवा मुद्दा : ‘आता सगळे ऑनलाइन मिळते.’ तुमच्या आत्याचे केळवण ऑनलाइन मिळत नाही. विकत घेतलेल्या नाटका-चित्रपटांचाही भरवसा नाही. ज्या मोझर बेअरने स्वस्त डिस्क घराघरांत पोहोचवल्या, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. ऑनलाइन मंचावरचा कार्यक्रम हक्कांची मुदत संपली की निघून जातो. आपल्या कपाटातली प्रत कोणाच्या करारावर अवलंबून नसते.

सहावा मुद्दा कायद्याचा, आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे गुन्हा ठरवते, मात्र कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळते. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची घरापुरती प्रत आणि ती प्रत मित्रांना वाटणे किंवा विकणे, यांत सरळ भेद आहे. पहिलीचे समर्थन मी करतो, दुसरीचे कदापि नाही.

आता मंडन. चांगल्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कसोट्या चार. ते चित्र आणि आवाज पुन्हा दाबत नाही. डिस्कवरचा प्रत्येक भाग घेते. तयार झालेली फाइल त्या सॉफ्टवेअरशिवायही उघडते. आणि एखादी जागा वाचता आली नाही, तर गुपचूप पुढे न जाता तसे सांगते.

या कसोट्यांवर पहिली पसंती आयएसओ प्रतीची, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलची. विंडोजवर ‘इमगबर्न’ ती बनवते, मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’ आधीपासूनच असते. आयएसओ फाइल ‘व्हीएलसी’ प्लेअरमध्ये थेट चालते आणि विंडोज ८ पासून पुढे दोनदा क्लिक केली, की डिस्कसारखी उघडते. हेही जमले नाही, तरी घरगुती डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस हा फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसह नुसता कॉपी केला, तर चित्रणाला धक्का लागत नाही. मेनू नको असेल, तर ‘मेकएमकेव्ही’ चित्र न दाबता फाइल बनवते. मात्र लहान टायटल वगळण्याची त्याची मर्यादा आधी कमी करून घ्यावी.

डिस्क ओरखडलेली असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ला पर्याय नाही. आधी ते सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाते. कुठे काय राहिले याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून काम पुढे चालू करता येते. एका ड्राइव्हला न वाचलेली जागा दुसऱ्याने वाचली, असे घडते. कमांड टाइप करावी लागते एवढाच त्याचा त्रास, आणि तो सोसण्यासारखा आहे.

‘पण आयएसओ फोनवर चालत नाही, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून दिसत नाही,’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि हँडब्रेकची जागा इथेच आहे. अख्खी प्रत सुरक्षित झाली, की तिच्यापासून नातवंडांना पाठवायला हवी तेवढी लहान एमपी४ बनवा, बिघडली तर पुन्हा बनवा. क्रम उलटा केला, तर ही मोकळीक राहत नाही.

काम झाले, की शेवटपर्यंत चालवून बघा, विशेषतः डिस्कच्या बाहेरच्या कडेचा, म्हणजे बहुधा शेवटचा भाग. तिथे रीड एरर जास्त येतात. एक प्रत घरात ठेवा, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरी. मुलगी परदेशी असेल, तर तिच्याकडे ठेवणे उत्तमच.

लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने बिघडतो. कोकणातल्या कपाटात तो अधिकच लवकर बिघडणार. वर फोटोचे स्टिकर चिकटवलेल्या डिस्कचा धोका आणखी मोठा, कारण स्टिकर सुटले किंवा तोल गेला, की ड्राइव्हला ती वाचता येत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये तर डीव्हीडी ड्राइव्हच येत नाही. तेव्हा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आजच मिळवा, सर्वांत जुनी घरगुती डिस्क आधी घ्या आणि तिची अख्खी प्रत करा. फाइल लहान करायला पुढे केव्हाही वेळ मिळेल, बिघडलेली डिस्क मात्र पुन्हा वाचता येणार नाही.