भरपाई आणि अब्रू

मराठी भाषेत ‘अब्रूनुकसानी’ असा एक शब्द आहे आणि तो आपणां सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एखाद्या वृत्तपत्राने कोणा प्रतिष्ठित गृहस्थाविषयी खोटेनाटे छापले, तर तो गृहस्थ दिवाणी न्यायालयात जातो, आपल्या नावलौकिकास पोहोचलेल्या हानीचा आकडा रुपयांत मांडतो, आणि त्याबद्दल त्यास कोणी नावे ठेवीत नाही. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लोकमान्य टिळकांनी लावलेला दावा १९१९ साली लंडनच्या न्यायालयात चालला. दावा फसला, परंतु अब्रूचा हिशेब पैशांत मांडला म्हणून महाराष्ट्राने टिळकांस दूषण दिले नाही, उलट खर्चाचा बोजा हलका व्हावा म्हणून वर्गणी जमविली.

आता दुसरे चित्र पाहावे. सोलापुरात विड्या वळून पोट भरणाऱ्या एखाद्या बाईची, किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या बापाची मुलगी अत्याचारास बळी पडते. फिर्याद नोंदली जाते. पुढे कोणी सुज्ञ वकील त्या कुटुंबास सांगतो की, कायद्याने तुम्हांस भरपाई मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अर्ज जातो मात्र, आणि कुजबूज सुरू होते. “म्हणजे पैशासाठीच चालले होते तर!” “अब्रू गेली ती गेली, वर तिचे पैसेही केले!” हे उद्गार केवळ अडाण्यांच्या तोंडून निघाले असते, तर आम्ही हा लेख लिहिण्याचे श्रम घेतले नसते. ते शिकलेल्या माणसांच्या दिवाणखान्यातून, शाळांच्या शिक्षकदालनांतून आणि कचेऱ्यांतल्या टेबलांमागूनही निघतात. म्हणूनच त्यांचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही भरपाई म्हणजे अब्रूची किंमत नव्हे, आणि सरकारने दाखविलेली दयाही नव्हे. ते समाजावरचे ऋण आहे, आणि ऋणको जेव्हा धनकोस म्हणतो की, “मागतोस कसा, लाज नाही वाटत?”, तेव्हा निर्लज्ज कोण, हे सांगावयास पंडित लागत नाही.

सोलापूर शहरास हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी ह्या गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराची घड्याळे लावली जात, त्या शहराने १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा जवळून पाहिलेला आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात एकेका अवयवाची टक्केवारी लिहिलेली होती. अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के, तर्जनी समूळ गेल्यास १४ टक्के, असा तो कोरडा हिशेब होता. साच्यात बोट गमावलेल्या कामगाराने भरपाई घेतली, तेव्हा “ह्याने बोट विकले” असे कोणी म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही. आजही मोटार अपघातात घरचा कर्ता पुरुष गेला, तर सुशिक्षित कुटुंबे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे निःसंकोच जातात. तेथे मृताच्या वयाचा व पगाराचा गुणाकार होतो. पण त्यामुळे मृताच्या आठवणीचा अपमान झाला असे कोणास वाटत नाही. मग एका मुलीचाच प्रसंग येताच पैसा हा शब्द विटाळ का ठरावा? उत्तर उघड आहे. अपघातात हानी झाली ती माणसाची, असे आपण मानतो; अत्याचारात हानी झाली ती ‘घराण्याच्या अब्रूची’, असे आपण मानतो. मुलीचे बुडालेले शिक्षण, तिची उडालेली झोप, औषधोपचार, आईचा बुडालेला रोज, आणि लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी बदलावे लागलेले बिऱ्हाड, ह्या सर्वांची खतावणी आपण कधी मांडलीच नाही.

ही चूक जुनी आहे, आणि ती आपल्या सुधारकी चळवळींनीही केली आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांस दोषमुक्त केले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. देश हलला आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. त्या बदलाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यात शिक्षेचा विचार झाला, पुराव्याचा झाला, नाव गुप्त ठेवण्याचाही झाला. जिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तिने उद्या सकाळी काय खावे, कोठे राहावे, हा प्रश्न मात्र कोणाच्या ध्यानी आला नाही. न्यूझीलंडने अशा गुन्ह्यांत बळी पडलेल्यांच्या भरपाईचा कायदा १९६३ सालीच केला होता, आणि ब्रिटनने तशी योजना पुढच्याच वर्षी सुरू केली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, आगगाडीत सैनिकांच्या अत्याचारास बळी पडलेल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणात, भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ असावे असे सुचविले. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम अमलात यावयास २००९ सालचा शेवटचा दिवस उजाडला; आणि महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर २०१३ रोजी. सूचना आणि योजना ह्यांत एकोणीस वर्षे गेली. ज्या मुली त्या काळात लहानाच्या मोठ्या झाल्या, त्यांचे देणे कोणी दिले?

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, पैसे मिळतात असे कळले म्हणजे खोट्या फिर्यादींस ऊत येईल. आम्ही विचारतो, मोटार अपघातांत खोटे दावे होत नाहीत काय? होतात, आणि ते पकडलेही जातात; पण म्हणून न्यायाधिकरणास कुलूप घाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय हा पैसा रस्त्यावर पडलेला नाही. पोलिसांचे जबाब, वैद्यकीय तपासणी, न्यायालयातील उलटतपासणी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे, इतक्या अग्निदिव्यांतून जाऊन काही लाख रुपये मिळविणे हा फायद्याचा धंदा आहे असे ज्यास वाटते, त्याने ह्या धंद्याची पहिली पायरी तरी एकदा मनाने चढून पाहावी.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. गुन्हा एकाने केला. भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून का द्यावी? ह्याचे उत्तर असे की, सूड घेण्याचा हक्क सरकारने प्रजेकडून काढून स्वतःकडे घेतला आहे, आणि त्या बदल्यात रक्षणाचा करार केला आहे. रक्षण झाले नाही म्हणजे करार मोडला. गुन्हेगार हा पुष्कळदा भणंग असतो, कित्येकदा तो सापडत नाही, आणि कित्येकदा पुराव्याअभावी सुटतो. म्हणून कायद्याने भरपाई केवळ शिक्षेशी बांधली नाही. खटला दोषमुक्तीत संपला तरी न्यायालयास भरपाईची शिफारस करता येते. गुन्हेगाराचा शोधच लागला नाही तरी पीडितेस स्वतः अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६व्या कलमातही हेच तत्त्व कायम आहे. २००० साली तर सर्वोच्च न्यायालयाने, हावडा स्थानकाच्या यात्री निवासात अत्याचार झालेल्या बांगलादेशी स्त्रीस रेल्वेने दहा लाख रुपये द्यावेत हा निर्णय कायम केला. परदेशी पाहुणीचे जे ऋण आपण मान्य केले, ते आपल्याच गल्लीतील मुलीचे नाकारावयाचे काय?

आणि ह्या आक्षेपकांचे सोवळेपण किती खोटे आहे हे पाहावयाचे असेल, तर न्यायालयाबाहेरची ‘तडजोड’ पाहावी. न्यायासनासमोर मागितलेले पैसे ज्यांस विटाळासारखे वाटतात, तेच पुढारी, तेच नातलग, तेच ‘चार शहाणे’ रात्री आरोपीच्या बापाकडून पाकीट घेऊन मुलीच्या दारी येतात. फिर्याद मागे घ्या, हे ठेवा, मुलीचे कोठे तरी जमवून टाकू; फार तर त्याच्याशीच लावून देऊ! खरा बाजार तो हा. तेथे मौन विकत घेतले जाते, आणि तेथे मात्र कोणास अब्रूची आठवण होत नाही. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीस मुळीच थारा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निक्षून सांगितले आहे. गरीब कुटुंब त्या पाकिटास बळी पडते ते लोभाने नव्हे, निकडीने. कायद्याची भरपाई वेळेवर हाती पडली, तर पाकिटाची सत्ता आपोआप संपेल. ह्या दृष्टीने भरपाई हा साक्षीदारास उभे ठेवणारा आधारही आहे.

परंतु वेळेवर पडते कोठे? येथे आम्हांस सरकारकडे आणि न्यायालयांकडेही बोट दाखविणे प्राप्त आहे. मनोधैर्य योजनेच्या नावातच ‘अर्थसहाय्य’ हा शब्द आहे. साहाय्य देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई घेणाऱ्याच्या हक्कावर. आणि ज्या कारकुनास साहाय्य वाटावयाचे असते, तो अर्जदाराकडे याचक म्हणूनच पाहतो. २०१७ साली एका चौदा वर्षांच्या मुलीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयास, तुम्ही हा दानधर्म करीत नाही, असे राज्य सरकारला सुनवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस योजना सुधारली, कमाल रक्कम दहा लाखांवर गेली, आणि काम विधी सेवा प्राधिकरणांकडे आले. हे चांगले झाले. पण शब्द बदलला नाही, आणि शब्दामागची वृत्तीही पुरती बदलली नाही.

मुदतींचेही तसेच. भरपाईची चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी असे संहितेत लिहिले आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारविषयक २०२०च्या नियमांप्रमाणे विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देववू शकते. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत ती चुकती करावयाची असते. आणि अन्न, वस्त्र, प्रवास ह्यांसाठी बाल कल्याण समितीने शिफारस केलेली तातडीची मदत एका आठवड्यात द्यावयाची असते. इतकी सोय कायद्यात असता, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात असे दिसले की, सत्र न्यायालयाने पीडित बालिकेच्या भरपाईविषयी आदेशच दिला नव्हता. तेव्हा, अल्पवयीन बालके व स्त्रिया ह्यांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा, असे देशभरास बजवावे लागले. शिक्षा लिहिताना न विसरणारी लेखणी भरपाईपाशी अडखळते, हे केवळ विस्मरण नव्हे. ती त्याच जुन्या समजुतीची सावली आहे.

मुदत ठेवीचा प्रश्न नाजूक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८च्या योजनेप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या रकमेचे ७५ टक्के किमान तीन वर्षे ठेवीत राहतात; अल्पवयीन मुलीचे ८० टक्के ती सज्ञान होईपर्यंत. नातलगांनी पैसा गिळू नये हा हेतू रास्त आहे, आणि तो आम्ही मान्य करतो. शिक्षणासाठी किंवा औषधपाण्यासाठी रक्कम काढण्याची सोयही आहे. पण ही सोय आहे हे त्या आईस सांगणार कोण? सोलापुरात घराघरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. विडीकामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. करमाळ्याची किंवा सांगोल्याची शेतमजूर बाई जिल्ह्याच्या गावी एक फेरी घालते तेव्हा तिच्या चुलीचा एक दिवस जातो. तिच्या भाषेत न समजाविलेला आणि चार फेऱ्यांवाचून न मिळणारा हक्क हा कागदावरचाच हक्क होय.

आमच्या वाचकांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बँकांतले अधिकारी आहेत. त्यांस आमची विनंती भाबडी नाही, कामापुरती आहे. वकिलाने पहिल्याच तारखेस अंतरिम भरपाईचा अर्ज द्यावा. निकालाची वाट पाहू नये. डॉक्टराने ध्यानात ठेवावे की, अशा रुग्णास विनामूल्य प्रथमोपचार व औषधोपचार देणे हे सरकारी व खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्य आहे. शिक्षकाने मुलीची शाळा सुटू देऊ नये. बँकेतल्या अधिकाऱ्याने ठेवीच्या नियमांचा अर्थ त्या आईस तिला कळेल अशा शब्दांत सांगावा. आणि ह्यांपैकी काहीच ज्यास करता येत नाही, त्याने निदान तिचे नाव उच्चारू नये. कायद्यानेही ते गुप्त ठेवले आहे.

आणि पुढल्या खेपेस कोणाच्या दिवाणखान्यात “पैशासाठीच केले” हे वाक्य ऐकू आले, तर तेथे बसलेल्या एकाने तरी विचारावे की, ह्या मुलीचे जे देणे लागते, त्यातले आपण आजवर काय फेडले? तो प्रश्न विचारण्यास धैर्य फारसे लागत नाही. जिने ठाण्यात, दवाखान्यात आणि न्यायालयात उभे राहून आपली हकिकत सांगितली, तिच्या धैर्यापुढे ते काहीच नव्हे.