छत्रीवाल्याची शाळा



गावाकडे घरावरच्या डिश अँटेनाला सरळ 'छत्री' म्हणतात. शब्द चांगला आहे, म्हणून या लेखात आम्हीही तोच वापरणार आहोत. पाऊस अडवणारी छत्री वेगळी आणि आकाशातून येणारे काहीतरी झेलणारी ही वेगळी, एवढे लहान मित्रांनी लक्षात ठेवावे.

गोष्ट मार्च महिन्यातली. आपल्या वर्गातल्या, रोक्केव्हेनमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाकडे भारतातून आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी येणार होते. आजोबांना मोबाईलवर बोट फिरवत बातम्या बघणे जमत नाही. घराच्या मागच्या बाजूला आधीच्या मालकाची जुनी छत्री होती. ती चालू केली तर निदान इंग्रजी बातम्या मोठ्या पडद्यावर मिळतील, असे ठरले. मदतीला आम्ही तिघे गेलो. तिघेही इंजिनियर: एक सॉफ्टवेअरचा, एक पुलांचा आणि एक चक्क दूरसंचाराचा. दोन रविवार गेले. एक शिडीवर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर. "आता?" "नाही!" "आता?" "नाही!" हा पुकारा सगळ्या गल्लीने ऐकला. पडद्यावर 'स्ट्रेंथ'चा पट्टा भरलेला आणि 'क्वालिटी' मात्र शून्य. भरलेला पट्टा पाहून आमच्या दूरसंचारवाल्यांनी सांगितले की आता थोडेच राहिले आहे. ते थोडे काही संपले नाही.

शेवटी माणूस बोलावला. आले दोघे: एक पन्नाशीचे गृहस्थ आणि एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. काम सगळे मुलाने केले. गृहस्थ खिशात हात घालून खाली उभे राहिले. पाऊण तासात त्यांनी जेमतेम चार वाक्ये उच्चारली असतील, तीही प्रश्नच. मुलाने शिडी लावण्याआधी परसातल्या झाडाकडे पाहिले आणि घरच्यांना विचारले, "याला पाने कधी येतात?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मार्चमध्ये झाड उघडे होते. फांद्यांतून पलीकडचे आकाश दिसत होते. छत्री तिथेच राहिली असती तर मे महिन्यात पाने फुटली की चित्र गेले असते. त्याने जागा दोन मीटर बाजूला घेतली.

मग खांबाला दोन्ही बाजूंनी पाणसळ लावून पाहिली. जुना खांब वाकडा होता. म्हणजे आम्ही दोन रविवार वाकड्या खांबावर बसून अचूक कोन मोजत होतो! केबलचे टोक कापले तर आतली तांब्याची तार काळी पडलेली. नवीन टोक बसवले, वर टेप गुंडाळली आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकून जाते, घरात शिरत नाही. छत्री शेवटी लावली. तिला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. आणि जाता जाता त्याने सांगितले की आम्ही पकडला होता तो उपग्रहच भलता होता. स्ट्रेंथ म्हणजे काहीतरी येते आहे. क्वालिटी म्हणजे आपल्याला हवे ते येते आहे.

आता मुलांसाठी थोडे गणित. आस्ट्रा नावाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, १९.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. झूटरमेरहून ते दक्षिणेपासून १८ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून २९ अंश वर दिसायला हवेत (दिसत नाहीत, पण असतात). त्यांच्या एका बाजूला १३ अंशावर हॉट बर्ड, दुसऱ्या बाजूला २३.५ अंशावर आणखी एक आस्ट्रा. ८० सेंटिमीटरची छत्री एक अंशाने चुकली तर मिळणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. एक अंश म्हणजे तिकडे, उपग्रहाच्या अंतरावर, साडेसहाशे किलोमीटरहून जास्त. पुण्यातून नेम धरायचा आणि बाण नागपुरात पडायचा, असा प्रकार. याच कारणाने इथली छत्री भिंतीसारखी जवळजवळ उभी असते आणि पुण्यातली तोंड वर करून बसलेली असते: पुण्याहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून तब्बल ६६ अंश वर आहे. सुट्टीत गेलात की गच्चीवर जाऊन बघा.

हे सगळे त्या मुलाला ठाऊक होते का? सूत्रे कदाचित नसतील. आमच्याजवळ सूत्रे होती आणि चित्र नव्हते.

यानंतर जे घडले ते लिहिताना थोडी लाज वाटते. त्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा हा सगळा कार्यक्रम बागेत उभा राहून बघत होता. पुढच्या शनिवारी वर्गात बाईंनी सर्वांना विचारले, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर झाले, अंतराळवीर झाले, फुटबॉलपटू झाले. हा म्हणाला, "मी छत्र्या बसवणार." वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने हसलो ते मागे चहाचे कप घेऊन उभे असलेले आम्ही पालक. तो खाली बसला. बाईंनी कागद गोळा केले तेव्हा त्याच्या कागदावर 'पायलट' लिहिलेले होते. या अंकाच्या शेवटच्या पानावर 'मी मोठेपणी' या सदरात आम्ही तेच छापले आहे, कारण त्याने लिहून दिले तेच छापणे भाग होते.

आपण का हसलो? छत्री बसवणे हे शिकण्याचे काम आहे असे आपण मानतच नाही. आणि हे फक्त आपल्या चहाच्या गप्पांत नाही, तिकडे कारभारातही असेच आहे.

भारतात छत्र्या गावोगाव उभ्या करण्याचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. त्याचे नाव 'साइट'. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षापुरता मिळाला होता आणि इस्रोने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही संच व कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या उभ्या केल्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातली खेडी होती. उपग्रह परत जायचा होता, म्हणून एकेक दिवस मोलाचा. धूळ, ऊन, पाऊस यांत संच बंद पडला तर तो पुन्हा चालू करणारा माणूस हवाच, आणि त्या माणसांची व्यवस्था हा प्रयोगाचाच भाग होता. तेव्हा देशाला कळले होते की आकाशातला उपग्रह आणि खेड्यातला पाना धरणारा हात एकाच कामाची दोन टोके आहेत.

पुढे १९९१ नंतर शहरांत केबल आली. गच्चीवरच्या दहा-बारा फुटी छत्रीखाली कितीतरी पोरे वस्तादाच्या हाताखाली शिकली. प्रमाणपत्र कोणाजवळ नव्हते, हात मात्र बसला होता. मग घरोघरची छोटी छत्री आली: २००३ साली डिश टीव्ही, २००४ साली दूरदर्शनची मोफत सेवा, २००६ साली टाटा स्काय. त्यात जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याच्या मुदती आल्या, मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३. एकदम हजारो घरी माणसे हवी झाली. वस्ताद काही एका रात्रीत तयार होत नाहीत, म्हणून वस्तादाशिवायच पोरे छपरावर चढली. काम ठेकेदारामार्फत, पैसे जोडणीमागे. दिवसाला जितकी घरे जास्त तितकी कमाई जास्त. मग चार बोल्टांच्या जागी दोन लागतात, झोळ राहून जातो, कमरेचा पट्टा दुकानातच राहतो. उन्हाळ्यात घाईने लावलेली छत्री जेमतेम चित्र देते आणि आषाढातल्या पहिल्या मुसळधार पावसात पडदा काळा होतो, कारण पावसात सिग्नल क्षीण होतो, हे धरून थोडी शिल्लक ठेवायची असते हे त्या पोराला कोणी सांगितलेलेच नसते. शिव्या मात्र तोच खातो.

जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि तिच्यात डीटीएचचा बॉक्स व छत्री बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रमही ठेवला गेला. कामाला नाव मिळाले, हे चांगलेच. आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही त्या योजनेत झाली. तीही आम्हाला न्याय्य वाटते, कारण गच्चीवर दहा वर्षे काढलेल्या माणसाला पुन्हा बाकावर कशाला बसवायचे? पण नवख्याला काही आठवड्यांत वर्गात शिकवून छपरावर पाठवणे आम्हाला पटत नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा वायरमन व्हायला दोन वर्षे लागतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ सालापासून आहे. म्हणजे हाताखाली शिकणे ही कल्पना आपल्याला परकी नाही, आपण ती छत्रीवाल्याला लागू करायला विसरलो. त्याला निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाणत्या माणसाबरोबर छपरावर काढू द्यावा, आणि त्या काळाचा पगार घरांच्या संख्येवर ठेवू नये, असे आमचे मत आहे. छत्री पावसाळ्यात काय करते हे पावसाळ्यातच दिसते.

चांगला शिकलेला माणूस घरमालकाशी होणारी भांडणेही टाळू शकतो. आपल्यातले बरेच जण भाड्याच्या घरात राहतात, म्हणून हे सांगतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या रिंकेबी इथे एक इराकी कुटुंब राहत होते. अरबी आणि फारसी कार्यक्रमांसाठी ते घराला आधीच लावलेली छत्री वापरत. घरमालकाने मनाई केली. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात एक लोखंडी स्टँड ठेवला आणि त्याचा हात खिडकीतून बाहेर काढून त्यावर छत्री बसवली. प्रकरण कोर्टात गेले आणि त्यांना घर सोडावे लागले. डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की माहिती मिळवण्याच्या त्यांच्या हक्काचा भंग झाला. आपल्या भाषेतल्या बातम्या आणि करमणूकसुद्धा त्या हक्कात येतात, असे त्या न्यायालयाने मानले. सुरक्षिततेचा मुद्दाही तिथे निघाला होता, आणि त्या मांडणीपासून धोका नाही असे स्वीडनच्याच न्यायालयाने पाहिलेले होते. घट्ट बसवलेली छत्री कोर्टातही उपयोगी पडते ती अशी.

काही पालक म्हणतील, आता मराठी मालिका इंटरनेटवर येतात, छत्र्या एकेक करून उतरत आहेत, मग हा विषय कशाला? खरे आहे, उतरत आहेत. पण छपरावर चढणारा माणूस उतरलेला नाही. कालची छत्री आज सौर पॅनेल झाली, भिंतीतली केबल फायबर झाली. खांब ओळंब्यात हवा, पाणी आत येऊ नये आणि माणूस खाली पडू नये, हे तसेच आहे. या देशात अशी माणसे मिळत नाहीत म्हणून आपण सगळेच आठवडेच्या आठवडे थांबतो आणि तक्रार करतो.

आणि आठव्या गटातल्या मुलाला शाळेने व्हीएमबीओचा सल्ला दिला की त्या घरी सुतक आल्यासारखे वातावरण होते. हाव्हो चालते, व्हीडब्ल्यूओ असेल तर पेढे. व्हीएमबीओचे नाव भारतात फोनवर सांगितले जात नाही. आमच्यापैकी काहींनी हे स्वतः केले आहे, म्हणून लिहायचा अधिकार आहे. तो शिडीवरचा मुलगा तिथूनच पुढे एमबीओत गेला होता. बीबीएल म्हणतात त्या पद्धतीने तो आठवड्यातले चार दिवस काम करून पगार घेतो आणि एक दिवस शाळेत जातो. एमबीओची चौथी पातळी पूर्ण केली तर पुढे एचबीओचे दारही उघडे असते. बंद असते ते आपल्या घरातले. ज्याला पुस्तकात गोडी आहे त्याने जरूर वाचावे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचे डोळे बागेत उभे राहून पाण्याकडे आणि पाणसळीकडे लागले आहेत, त्याच्या तोंडी आपण 'पायलट' घालू नये.

आता कामाचे. येत्या शनिवारी वर्ग संपल्यावर मुलांनी अर्धा तास थांबावे. प्रत्येकाने एक कोनमापक, हातभर दोरा आणि एक जड नट आणावा. आपण त्यांचा ओळंबा करून अंगणातल्या झाडांची उंची मोजणार आहोत. छत्रीपासून दहा मीटरवरचे झाड तिच्यापेक्षा साडेपाच मीटर उंच असले आणि उपग्रहाच्या वाटेवर असले तर ते आड येते, तेव्हा आपल्या शाळेच्या मागे छत्री कुठे बसेल ते मुलांनीच ठरवायचे. ते गृहस्थ आणि तो मुलगा यांनाही निरोप दिला आहे. पालकांनी चहा पिऊन यावे.

ज्यांच्या घरी, इथे किंवा भारतात, कोणी वायरमन, केबलवाले किंवा छत्र्या बसवणारे काका-मामा असतील त्यांनी त्यांना विचारून 'मी काम कसे शिकलो' यावर एक पान लिहून पाठवावे. हाताने लिहिलेले चालेल, काळ्या शाईत असावे म्हणजे झेरॉक्स नीट येते. 'मी मोठेपणी' या सदरात ज्यांना आपले उत्तर बदलायचे असेल त्यांच्यासाठी पुढच्या अंकात अर्धे पान राखून ठेवले आहे.