अंगठा एकाचा, कोयता दोघांचा

सदर : बालाघाटावरून

‘कुणी डोक्याला बंदूक लावून नेतंय का त्यांना?’ ऊसतोड्यांचा विषय निघाला की बीडमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मोंढ्यात येतो, बाररूममध्ये येतो, आणि परवा या सदराच्या एका वाचकाच्या पत्रातूनही आला. पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे. टोळी नेणारा मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, जोडपं ती घेतं, दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातं. देणारा राजी, घेणारा राजी. मग अन्याय झाला म्हणता तो कुठे?

प्रश्न टाकाऊ नाही. नीतिशास्त्रात या प्रश्नावर अख्खा एक पंथ उभा आहे. हार्वर्डचे रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ लिहिलं, ते असंच म्हणतं. मिळकत मुळात रास्त मार्गाने आलेली असेल आणि पुढचे व्यवहार स्वेच्छेने झाले असतील, तर शेवटी कोणाच्या पदरात किती पडलं यावरून न्याय-अन्याय ठरत नाही. त्यांच्याच विद्यापीठातले जॉन रॉल्स त्याआधी तीन वर्षं नेमकं उलट सांगून बसले होते : आपण कोणाच्या पोटी जन्माला येणार हे ठाऊक नाही असं धरा आणि मग समाजाचे नियम ठरवा. आपल्याकडे न्यायावर व्याख्यान द्यायचं म्हटलं की वक्ते रॉल्सलाच हात घालतात. शिरूर कासारच्या कोरडवाहू वस्तीवर जन्माला येऊ की साखर कारखान्याच्या संचालकाच्या वाड्यात, हे माहीत नसतं तर उचलीची पद्धत कोणी मान्य केली असती का, असं विचारायचं आणि टाळ्या घ्यायच्या. पण गुरुजींना ते पटणार नाही. ‘जन्म काही कोणाच्या हातात नसतो, व्यवहाराचं बोला,’ असं ते म्हणतील. म्हणून मी आज रॉल्सना बाजूला ठेवतो आणि नोझिकचाच गज हातात घेतो. व्यवहारच मोजू.

उचल कशी ठरते ते इथल्या माणसाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. ऊसतोडीत हिशेबाचं माप माणूस नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, म्हणून मुकादमाला जोडपं हवं असतं. पोरांची लग्नं लवकर उरकण्यामागे हेही एक कारण आहे, आणि बालविवाहांविरुद्धची आपली भाषणं सहसा या कारणापर्यंत पोचत नाहीत. उचल पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाते. ती घेतो नवरा. मुकादमाच्या वहीत नाव त्याचं, कागद झालाच तर अंगठा त्याचा. उचलीतून बहिणीचं लग्न होतं, दवाखाना भागतो, खासगी सावकार शांत होतो. फेडायला मात्र दोघं. पहाटे अंधारात फडावर जाणं, ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, दिवसाला दीड-दोन टन. संध्याकाळी कोपीवर आल्यावर स्वयंपाक, पाणी, पोरं ही पुन्हा तिचीच. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, तो पुन्हा त्याच्याशी.

गुरुजी, आता सांगा. या व्यवहारात बाईने होकार कधी दिला?

तिला कोणी विचारलंच नाही. ती व्यवहाराची पक्षकार नाही, ती व्यवहारातला माल आहे. नोझिकचा गज असा की स्वेच्छेशिवाय झालेली देवघेव रास्त नाही. त्या गजानेच हा व्यवहार निम्मा बाद होतो, करुणा वगैरे काही मधे आणावी लागत नाही. कॅरोल पेटमन या राजकीय विचारवंत बाईंनी १९८८ मध्ये ‘द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट’ हे पुस्तक लिहिलं. समाज करारातून उभा राहतो असं सांगणाऱ्या थोरथोर पंडितांनी त्या करारात बाई कोणत्या दाराने आली हे पाहिलंच नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. पेटमनबाईंना केज-धारूरच्या एखाद्या मुकादमाची वही दाखवली असती तर पुस्तकाची पन्नासेक पानं वाचली असती.

निम्मं बाद झालं, पण निम्मं उरतं. नवऱ्याने तर होकार दिलाच ना? नोझिक इथे हटवादी आहेत. त्यांचं एक गमतीदार उदाहरण आहे : सव्वीस पुरुष, सव्वीस स्त्रिया, सगळ्यांना लग्न करायचंय, आणि पसंतीचा क्रम सगळ्यांचा सारखा. वरून जोड्या जुळत जातात आणि शेवटी उरलेल्या दोघांपुढे एकमेकांशिवाय कोणी राहत नाही. तरीही त्यांचं लग्न जबरदस्तीचं नाही, कारण आधीच्या सगळ्यांनी आपापला हक्कच वापरला. कामगाराचंही तसंच, हे काम किंवा उपाशी राहणं एवढेच पर्याय उरले तरी निवड त्याचीच, असं ते म्हणतात.

याला उत्तर द्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते देऊन ठेवलंय. ज्याला काम नाही त्याला विचारा, असं त्यांचं म्हणणं. कमी पगाराची, बेभरवशाची, संघटना करायला मनाई असलेली नोकरी आणि स्वातंत्र्याचे सगळे हक्क, यांत तो काय निवडेल? उपासमारीच्या भीतीपोटी माणूस हक्क सोडायला तयार होतो. आणि सरकारने हात आखडता घेतला म्हणून जे स्वातंत्र्य उरतं ते जमीनदाराला खंड वाढवण्याचं आणि मालकाला मजुरी पाडण्याचं स्वातंत्र्य असतं. पस्तीस वर्षांनी हेच सर्वोच्च न्यायालयाने निकालात लिहिलं. दिल्लीत एशियाडची तयारी चालली होती. बांधकामावरचे मजूर जमादारांमार्फत आणलेले. ठेकेदार दिवसाला सव्वानऊ रुपये द्यायचे, त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा, मजुराच्या हाती किमान वेतनापेक्षाही कमी पडायचं. सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की राज्यघटनेच्या २३व्या कलमातली सक्ती म्हणजे फक्त दंडुक्याची किंवा कायद्याची नव्हे. भुकेने दुसरा पर्यायच ठेवला नसेल तर तीही सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं हे वेठ आहे. मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत, ही सरकारची ढालही न्यायालयाने मानली नाही. जमादाराच्या जागी मुकादम वाचा.

गुरुजींच्या ‘राजीखुशी’ची सर्वांत कठोर परीक्षा मात्र दवाखान्यात होते. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, हा आकडा तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट नेमके जुळत नाहीत हे मान्य, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली.

तेव्हा डॉक्टरांची बाजू काय होती? ‘बाईनेच मागितलं.’ आणि बहुतेक ठिकाणी ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीतही मोळी उचलायचीच, अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं. एक दिवस घरी राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. दोन-तीन लेकरं झालेली. त्यात कोणीतरी कॅन्सरची भीती घालतं. अशा वेळी पिशवी काढून टाकणं हा बाईच्या लेखी शहाणा हिशेब ठरतो, महिन्याचे तीन-चार खाडे कायमचे वाचतात. ती अडाणी म्हणून फसली, असं शहरातली वर्तमानपत्रं लिहीत होती तेव्हा मला राग यायचा. ती फसली नाही. तिने बरोबर हिशेब केला. तिच्यापुढे जे आकडे मांडले होते तेच बेइमान होते. शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली जाते, म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्या पानावर.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं वचन महाविद्यालयात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे माणसालाच स्वतःच्या शरीराकडे साधन म्हणून बघायला लावलं गेलं, अवजाराचा नडणारा भाग काढून टाकावा तसं. आणि जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख मोजणाऱ्या बेंथमच्या बाजूने बोलायचं तर कोट्यवधी लोकांना परवडणारी साखर मिळते, लाखो ऊस उत्पादकांचं घर चालतं, तर काही हजार बायकांचं दुःख बेरजेत बुडून जातं. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त या बेरजेच्या नीतीवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. डोकी मोजून नीती ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा ऊसपट्ट्याने पुन्हा एकदा वाचावा.

मग दोषी कोण? इथे आलं की सगळ्यांचे हात स्वच्छ. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, मीही व्याजाने उचललेत, टोळी पळाली तर माझं शेत जातं. डॉक्टर म्हणतो, संमतीपत्रावर सही आहे. नवरा म्हणतो, मी काय मजा मारली? आयरिस मॅरियन यंग या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी नेमक्या अशाच गाठीवर काम केलं. त्यांचं ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस’ त्यांच्या निधनानंतर २०११ मध्ये आलं. असंख्य माणसं आपापल्या परीने नियमाला धरून वागतात आणि त्या सगळ्यांच्या वागण्यातून कोणाचं तरी आयुष्य चेपलं जातं. अशा अन्यायात गुन्हेगार शोधत बसू नका, असं त्या म्हणतात. त्या व्यवस्थेत ज्याचा ज्याचा हात आहे त्या सगळ्यांवर ती बदलण्याची जबाबदारी येते. चहात साखर घालणारे आपणही त्यात आलो. यंगबाईंचं मला निम्मं पटतं. ‘व्यवस्था’ हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा झालाय, त्याच्या आडोशाला खरोखरचे गुन्हेगारही उभे राहतात. सोनोग्राफी न वाचता पंचविशीतल्या पोरीची पिशवी काढणारा डॉक्टर व्यवस्थेचा बळी नाही. मार्था नुसबॉम यांनी याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत यंगबाईंना एक अडचणीचा प्रश्न विचारलाय : जबाबदारी आहे हे कळूनही माणूस वर्षानुवर्षं स्वस्थ बसला तर तो दोषी नाही का? २०१९ ला आता पुष्कळ हंगाम उलटून गेले.

या काळात काहीच झालं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. संप-बैठकांनंतर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. पण दर वाढला तरी वहीतलं नाव बदललं नाही, आणि कारखाना मालक म्हणून कागदावर आला नाही.

आणि तो आणता येत नाही असं मुळीच नाही. उसाच्या पैशांचंच उदाहरण घ्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, थकवली तर साखर आयुक्त गाळप परवाना अडवून धरू शकतात, आणि परवान्याची पंचाईत दिसू लागली की थकबाकी कशी भराभर निघते हे आपण पाहिलंय. शेतकरी कारखान्याचा नोकर नाही, तरी त्याच्या पैशासाठी कारखान्याच्या मानेवर सुरी ठेवता येते. मग त्याच परवान्याच्या अर्जात तोडणी कामगारांचा रकाना का नसावा? गेल्या हंगामात फडावर आलेल्या प्रत्येक बाईची तिच्या स्वतःच्या नावाने नोंद, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात, खाड्याचा दंड बंद, तळावर पाणी आणि संडास. हे नसेल तर बॉयलर पेटवायचा नाही.

यावर कारखानदार सांगतील की मग आम्ही हार्वेस्टर आणतो, तुमची माणसं घरी बसतील. ही नुसती धमकी नाही. यंत्रं येतच आहेत, आणि हजारो कोयत्यांना पाटोदा-आष्टीच्या माळावर पर्यायी काम काय, याचं उत्तर अर्जातल्या रकान्यात सापडणार नाही. पण अट घातली नाही म्हणून एकही यंत्र थांबलेलं नाही.

मुकादमांनी या लेखावर रागावू नये. त्यांच्या अंगावरचं व्याज, बुडालेली उचल, दोन-दोन ठिकाणी पैसे घेऊन पसार होणाऱ्या टोळ्या, वसुलीसाठी माणसं डांबून ठेवण्यापर्यंत गेलेली प्रकरणं, हे सगळं पुढच्या आठवड्यात.