साहेब, आधी ओळखपत्र बघू का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी ओट्यावर उभा राहून दात घासत होतो आणि समोर एक पांढरी बोलेरो येऊन थांबली. दोघं उतरले, दोघंही साध्या कपड्यांत. एकानं माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "तूच का?" तोंडात फेस होता, त्यामुळे मी नुसती मान हलवली. समोरच्या पिठाच्या गिरणीतली दोन माणसं दळण सोडून बघायला लागली.

"सायबर पोलीस ठाण्यातून आलोय. थोडी माहिती पाहिजे." ठाणं दुसऱ्या जिल्ह्यातलं. अण्णांनी घाईघाईनं खुर्च्या टाकल्या, आईला चहा ठेवायला सांगितला. त्यांना एकच वाक्य सुचत होतं, "साहेब, आमचं पोरगं तसलं नाही." कसलं, ते अजून कोणी सांगितलंच नव्हतं!

प्रकरण माझ्या रूम पार्टनरचं होतं. त्यानं एका सिनियरला आपलं बँक खातं "वापरायला" दिलं होतं, दोन हजार रुपयांच्या बदल्यात. फक्त एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं, बाकी काही करायचं नाही. असं खातं भाड्यानं देणारे आपल्या हॉस्टेलमध्ये आणखीही आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. त्या खात्यातून एका निवृत्त शिक्षकाचे फसवून काढलेले पैसे फिरले होते. त्याच खात्यातून मला तीन हजार रुपये आले होते. मेसचे. मी दोघांचे मिळून भरले होते, त्यानं त्याचा वाटा परत केला, एवढंच.

म्हणजे मी आरोपी नव्हतो. मी साक्षीदार होतो. पण हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लेख लिहायचं कारण तेच आहे. त्या तासाभरात मी जे जे केलं, त्यातलं जवळजवळ सगळं चुकलं.

ओळखपत्र कोणी मागितलं नाही. फोन मागायच्या आधीच मी अनलॉक करून हातात दिला, "लपवण्यासारखं काही नाही, साहेब" म्हणून. त्यांनी पंधरा मिनिटं तो चाळला, आपल्या मोबाईलमध्ये काही फोटो काढले. मग प्रश्न आला, "त्याच्याकडे दुसरा फोन होता ना?" मला आठवलं की कधीतरी त्याच्या टेबलावर एक साधा बटणांचा फोन पाहिला होता. कोणाचा ते माहीत नाही. मी म्हणालो, "हो, असेल." जबाबात उतरलं, "त्याच्याकडे दुसरा मोबाईल फोन होता." माझ्या 'असेल'चं 'होता' झालं आणि मी खाली सही ठोकून मोकळा झालो. वाचलंसुद्धा नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर आपण बसतो ना, तसाच बसलो होतो. येत नसलं तरी काहीतरी बोलायचं, गप्प बसलं की मार्क जातात!

तो फोन विंगमधल्या दुसऱ्याच मुलाचा होता, आणि बंद पडलेला. पण त्या न असलेल्या दुसऱ्या फोनसाठी माझ्या पार्टनरला पुन्हा दोन दिवस बोलावलं गेलं. "कुठं लपवलास?" हा प्रश्न त्याला किती वेळा विचारला असेल याचा हिशोब मी अजून करतो.

पुढची कमाल म्हणजे, गाडी गेल्यावर पुण्याच्या चुलतभावाचा फोन आला. "सगळं डिलीट कर आधी!" मी पार्टनरबरोबरचं सगळं चॅट उडवलं. त्याच चॅटमध्ये त्याचा मेसेज होता की मेसचे तीन हजार टाकलेत. पंधरा दिवसांनी तोच पुरावा दाखव म्हणाले तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी मेसवाल्या काकांच्या वहीनं वाचवलं. आणि हे कळलं ते वेगळंच, की गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे साक्षीदाराचा आरोपी व्हायला डिलीटचं एक बटण पुरतं.

आता यातलं कायद्याचं काय, ते मी नंतर शोधून वाचलं. आपल्या सगळ्यांची पोलीस आणि हक्क याबद्दलची माहिती इंग्रजी सिनेमांतून आलेली आहे. 'तुला गप्प राहण्याचा हक्क आहे' हे वाक्य अमेरिकेचं, १९६६ च्या मिरांडा खटल्यानंतरचं. आपल्याकडे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे, १ जुलै २०२४ पासून. त्यात साक्षीदाराला सरसकट गप्प बसता येत नाही. कलम १८० सांगतं की तपासाशी संबंधित प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. सूट फक्त अशा उत्तरांना, जी स्वतःलाच गुन्ह्यात अडकवतील. ही सूट नवी नाही, राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्येच आहे. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना लेखी प्रश्नांची यादी देऊन पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, त्यावर खटला झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीतही मिळतं, फक्त कोर्टात नाही.

पण खरं उत्तर म्हणजे काय? मला वाटतं इथंच आपलं चुकतं. "माहीत नाही" हे खरं उत्तर आहे. "आठवत नाही" हेही, खरंच आठवत नसेल तर. "असेल" हे उत्तरच नाही, तो अंदाज आहे, आणि जबाबाच्या कागदावर अंदाजाला जागा नसते. शिवाय कलम १८१ प्रमाणे पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते! (पंचनाम्यावर पंच सही करतात, नोटीस मिळाल्याची पोच आपण देतो, ते वेगळं.) हे मला ज्या वकील काकूंनी सांगितलं त्या हसत म्हणाल्या, "सही राहू दे रे, निदान वाचून तरी दाखवा म्हणायचं."

घरी येऊन विचारणं यात बेकायदा काही नाही, हेही लिहायला हवं. उलट बायका, १५ वर्षांखालची मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणसं यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या राहत्या जागीच यायचं असतं. ती स्वतः तयार असली तर गोष्ट वेगळी. लेडीज हॉस्टेलच्या मैत्रिणींनी कलम १७९ लक्षात ठेवावं. "ठाण्यात येऊन जा मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे" याला नम्रपणे "इथंच विचारा, रेक्टर मॅडमसमोर" असं म्हणता येतं. बाकीच्यांनाही बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. ज्याच्यावर संशय आहे त्यालाही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, असंही जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर खाकी शर्ट घालून 'डिजिटल अरेस्ट' करणारा जो कोणी असतो तो पोलीस नसतो. फोन ठेवायचा आणि १९३० ला कळवायचं. यावर जास्त लिहीत नाही, नोटीस बोर्डावर पोस्टर आहेच.

आता हॉस्टेलबद्दल, आणि हा भाग स्टाफनं वाचावा अशी विनंती.

माझ्या घरी बोलेरो आली त्याच्या दोन आठवडे आधी पार्टनरला आपल्या हॉस्टेलमधून नेलं होतं. रात्री साडेदहाला. मी त्या दिवशी लायब्ररीत होतो. परत आलो तर त्याचं कपाट उघडं, गादी उलटी केलेली, लॅपटॉप नाही. वॉचमन काकांना विचारलं तर म्हणाले, "पोलीस होते." कुठले? "पोलीसच की." गाडीचा नंबर? साहेबांचं नाव? काही नाही. रेक्टर सरांना फोनवर "थोडी चौकशी आहे" असं सांगितलं होतं आणि सर "हो" म्हणाले होते. त्याचे वडील आडगावी राहतात. रात्रभर ते मला दर अर्ध्या तासानं फोन करत होते आणि माझ्याकडे सांगायला ठाण्याचं नावसुद्धा नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला, हातात नोटीस घेऊन.

तीनशे मुलांच्या हॉस्टेलमध्ये पाहुणा मामा आला तरी रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, वेळ, सही. आणि एका मुलाला गाडीत घालून नेलं, तर एक ओळ नाही!

झडती घ्यायला पोलिसांना अधिकार आहे, कधीकधी वॉरंटशिवायही. पण मग कारण लेखी नोंदवावं लागतं, दोन स्वतंत्र पंच लागतात, त्या जागेत राहणाऱ्याला हजर राहू द्यावं लागतं, जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत त्याला द्यावी लागते. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालं आहे, कलम १०५. त्या रात्री यातलं काय झालं, काय नाही, हे मी सांगू शकत नाही, कारण तिथं आपलं असं कोणी नव्हतं. माझी तक्रार हीच आहे. लॅपटॉपमध्ये त्याच्या प्रोजेक्टचं सगळं काम होतं. यादीची प्रत त्याला मिळाली की नाही हे त्यालाही धड आठवत नाही. घाबरलेल्या माणसाला कागद दिला काय, न दिला काय.

अटक असेल तर अटकेचा मेमो, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाईकांना खबर, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं, हे सगळं आलं. यातला बराचसा भाग १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलेला आहे, आणि तो खटला उभा राहिला होता कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रावरून. आपल्या हॉस्टेलमध्ये 'परिसरातला प्रतिष्ठित माणूस' म्हणजे रेक्टर सर नाही तर कोण?

सरांशी मी बोललो. त्यांचं म्हणणं, पोलिसांशी वाद घातला की कॉलेजचं नाव पेपरात येतं. शिवाय "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे आहेच. सरांची अडचण मला कळते. पण मी वाद घालायला सांगत नाही. अडवायचं तर मुळीच नाही, तो गुन्हा आहे. खाली येऊन उभं राहायचं, ओळखपत्र पाहायचं, नाव, हुद्दा, ठाणं, गाडी नंबर आणि कारण रजिस्टरमध्ये लिहायचं, झडतीला हजर राहायचं, घरी फोन करायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. नियमानं आलेल्या अधिकाऱ्याला याचा राग यायचं कारण नाही. ज्याला येईल त्याच्यासाठीच ते रजिस्टर पाहिजे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा नंबर आहे, तो वॉचमन काकांच्या टेबलावर चिकटवायला काय हरकत आहे?

काही मित्र म्हणतात, तू पार्टनरची बाजू घेतोयस. नाही. त्यानं चूक केली आहे, केस चालू आहे, त्यावर मी लिहिणार नाही. त्या निवृत्त शिक्षकांचे पैसे परत मिळायला हवेत आणि त्यासाठी पोलिसांना आपली मदतही व्हायला हवी. पण माझ्या 'असेल'मुळे ते दोन दिवस एका नसलेल्या फोनमागे लागले. तेवढ्यात खरे पैसे कुठे गेले असतील कोणास ठाऊक. घाबरून केलेली मदत पोलिसांच्याही उपयोगाची नसते, हे मी अनुभवानं सांगतो.

सुट्टीहून आल्यावर पार्टनरनं विचारलं होतं, "दोन फोनचं तू सांगितलंस का?" मी हो म्हणालो. तो काही बोलला नाही, मेसला गेला. आम्ही अजून एकाच रूममध्ये राहतो.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो, तेव्हा ताईच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी एक हवालदार आले. गिरणीतली माणसं पुन्हा दळण सोडून उभी. अण्णा बाहेर आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, राग मानू नका, आधी ओळखपत्र बघू का?" हवालदारांनी खिशातून काढून दिलं. अण्णांनी चष्मा लावला, नाव आणि ठाणं मोठ्यानं वाचलं, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग आईला चहाचं सांगितलं. हवालदारांनी बिनसाखरेचा मागितला.