रोज एक तास मैदान

"खेळून पोट भरतं का?" हा प्रश्न आपल्या घराघरांत ऐकू येतो. आईबापांची काळजी खरी आहे. शिक्षणाशिवाय आपल्या लेकरांना दुसरा आधार नाही. पण शाळा सुटल्यावर पाच ते सात या वेळेत मूल कुठे असतं, हेही विचारायला हवं. मैदान नसेल तर पानठेला आहे, खर्रा आहे, मोबाईल आहे.

नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि 2001 मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. तिथली मुलं पुढे बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकापर्यंत गेली. 2022 च्या 'झुंड' चित्रपटामुळे हे काम घरोघरी कळलं. एका चेंडूवर चौदा मुलं खेळतात, म्हणून फुटबॉल गरिबाला परवडतो.

मात्र नुसता चेंडू दिला म्हणजे मुलं घडत नाहीत. पालवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. तरीही पुण्यात खेळताना त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तोही बाहेर दिला जाई. मैदानात बरोबरी, मैदानाबाहेर अंतर! म्हणून खेळासोबत रोज हजर राहणारा एक जाणता ताई-दादा हवा, शिवीगाळ चालणार नाही असा नियम हवा आणि खेळ संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून खाणं हवं. हरणं पचवणं, पंचाचा निर्णय मानणं, दुसऱ्या वस्तीतल्या मुलाशी हात मिळवणं, हे तिथेच शिकता येतं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलींनाही हेच लागू आहे. पण मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपणच तिला घरात बसवतो, तेही हाडं बळकट होण्याच्या वयात. खेळताना तिला लवकर धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या द्या. खेळानंतर फुटाणे, गूळ-शेंगदाणे, पाणी पुरेसं आहे.

आपल्या मंडळांना एक विनंती. जयंतीला एका रात्रीचे क्रिकेट सामने होतात. अकरा जण खेळतात, शेकडो पाहतात, बक्षीस वाटलं की मैदान पुन्हा ओस. त्या वर्गणीतून थोडा खर्च कमी करून चार चेंडू आणि एक शिट्टी घ्या. विहारासमोरच्या पटांगणातल्या गाड्या संध्याकाळी हलवा. आठवड्यातले निदान तीन दिवस मुलींसाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी त्यांच्या आयांनाही कडेला बसायला बोलवा.

सगळी मुलं खेळाडू होणार नाहीत. पण व्यसनापासून दूर, निरोगी आणि चारचौघांत मान वर करून बोलणारी पिढी घडवायची असेल, तर अभ्यासाच्या वेळेसारखीच खेळाची वेळही घराने पाळली पाहिजे.