डोळ्याजवळची गाठ आधी तपासा

कुत्र्याचा एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसू लागतो, कोपऱ्यातून तिसरी पापणी वर चढते, आणि घरात पहिला शब्द निघतो तो कॅन्सरचा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणारी माणसं रात्रभर जागलेली असतात. काही जण आल्याआल्याच म्हणतात, ‘डॉक्टर, त्याचे हाल नकोत, इंजेक्शन देऊन टाका.’ आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. डोळ्याभोवतीची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. कितीतरी गाठी म्हणजे नुसती सूज असते, गाठीचं रूप घेऊन आलेली.

कुत्र्यामांजरांच्या डोळ्याच्या खोबणीची घडणच वेगळी आहे. माणसाच्या डोळ्याखाली हाड असतं. यांच्या डोळ्याखाली बराचसा भाग नुसता स्नायू आणि चरबीचा. त्यामुळे वरच्या शेवटच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, किंवा काठी चघळताना तिची काडी दाढेमागून वर घुसली, की पू थेट डोळ्यामागे साठतो. म्हणून जाणता पशुवैद्य डोळ्याबरोबर तोंडही उघडून पाहतो. तोंड उघडलं की खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक पुढे सरकतं आणि डोळ्यामागच्या भागावर दाब येतो. तिथे पू असेल तर कुत्रं कळवळतं. कॅन्सरची गाठ बहुधा सावकाश वाढते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही. पू दाढेमागून वाट करून काढला आणि प्रतिजैविकं दिली, की बाहेर आलेला तो डोळा बहुतेक वेळा जागेवर जातो. अशा कुत्र्याला मारून टाकणं ही केवढी मोठी चूक ठरली असती!

कोली जातीच्या कुत्र्यांत बुबुळाच्या कडेला गुलाबी, टणक गाठी येतात, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. एकेकाळी या गाठींना अर्बुदाचं नाव दिलेलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसतात त्या सुजेच्या पेशी, आणि प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी गाठी बसतात. औषध थांबवलं की पुन्हा डोकं वर काढतात, हे मालकानं आधीच समजून घ्यावं. घोड्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात उन्हाळ्यात चिघळणारी गाठ येते, तिच्यामागे माश्या असतात. माशी जंताच्या अळ्या तिथे सोडते. या अळ्यांची वाढ खरी घोड्याच्या पोटात व्हायची; डोळ्यापाशी त्या वाढत नाहीत, पण शरीर त्यांच्याभोवती दाणेदार मांस उभं करतं. बघणाऱ्याला तो कॅन्सरच वाटतो.

आता याची उलट बाजू, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. प्रौढ मांजरांत एक आजार आहे. पापण्या ताठरतात, डोळा फिरेनासा होतो, मिटत नाही, मग कोरडा पडून त्यावर जखमा होतात. पुढे दुसऱ्या डोळ्यातही तेच. अनेक वर्षं याला ‘खोटं अर्बुद’, म्हणजे सूजच मानलं जात होतं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मंडळींनी अशा मांजरांचे नमुने नव्यानं तपासले, आणि हा खराखुरा, पसरत जाणारा सार्कोमा, म्हणजे कॅन्सरच, असल्याचं मांडलं. कुठल्या तरी पशुवैद्यानं काढलेला डोळा फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवला, म्हणून हे कळू शकलं.

आपल्याकडे मात्र डोळ्याजवळ सूज दिसली की स्टिरॉइडचं इंजेक्शन, ही सवय फार बोकाळली आहे. चार दिवस सूज उतरते, मालक खूश होतो. ती लिम्फोमा या कॅन्सरची गाठ असेल तर तीही स्टिरॉइडनं तात्पुरती आकसते आणि नंतर तुकडा काढला तरी निदान लागत नाही. पर्शियन मांजरांच्या नाकातून खोबणीत शिरणारी बुरशी असेल, तर स्टिरॉइड तिला रान मोकळं करून देतं. 2021 मध्ये महाराष्ट्रानं काळ्या बुरशीत माणसांचे डोळे जाताना पाहिले आहेत. स्टिरॉइड आणि बुरशी यांचं नातं आपल्याला नव्यानं शिकवायला नको.

दूध उत्पादकांनीही हे ध्यानात घ्यावं. संकरित एचएफ गाईच्या पांढऱ्या पापणीवर किंवा तिसऱ्या पापणीवर आलेली गाठ खरोखरच कॅन्सर असू शकते. ती लहान असतानाच काढली तर गाय वाचण्याची चांगली आशा असते. माश्या बसून चिघळेपर्यंत थांबू नका.

तपासणीसाठी फार काही लागत नाही. आधी सुईनं थोड्या पेशी काढून बघता येतात. तेवढ्यानं उलगडा झाला नाही तर छोटा तुकडा. तो 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात बुडवून प्रयोगशाळेत पाठवायचा. पुवाचा किंवा बुरशीचा संशय असेल तर वेगळा नमुना फॉर्मलिनशिवाय. डोळा काढावाच लागला, तर तोही असाच पाठवायचा. ‘डॉक्टर, तुकडा तपासायला पाठवताय ना?’ हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा, आणि अहवाल येईपर्यंत स्टिरॉइड का द्यायचं, याचं कारणही विचारा.